ओढवाटा : नाव पाण्यातली, वाट काठावरची, हक्क कोणाचा?

काठवाट (धागाकर्ता)

वाफेचे इंजिन येण्यापूर्वी नदीतून किंवा कालव्यातून माल न्यायचा असेल आणि वारा साथ देत नसेल, तर नावेला लांब दोर बांधून तो काठावरच्या माणसांच्या खांद्यांवर किंवा घोड्याच्या साजाला अडकवायचा आणि काठाने चालत नाव ओढत न्यायची, हाच मार्ग उरत असे. या कामासाठी राखलेल्या वाटेला मी या धाग्यापुरते ओढवाट म्हणतो. युरोपात, चीनमध्ये आणि अमेरिकेत अशा शेकडो किलोमीटर वाटा आजही शिल्लक आहेत. त्यांच्यावरून आता बहुतेक ठिकाणी पायी फिरणारे आणि सायकलस्वार जातात.

या वाटांबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा निसर्गसौंदर्याबद्दल असते. मला त्यांच्या हिशेबाबद्दल आणि त्याहूनही अधिक त्यांच्या मालकीबद्दल लिहायचे आहे.

हिशेब असा आहे. पाठीवर ओझे वाहणारा घोडा साधारण सव्वाशे किलो माल नेतो. खडीच्या चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर तोच घोडा सुमारे दोन टन ओढतो, आणि संथ पाण्याच्या कालव्यात तीस ते पन्नास टन. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याने आपल्या खाणीतला कोळसा वर्स्लीहून मँचेस्टरकडे आणण्यासाठी खोदवलेला कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि शहरातला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, यामागे घोड्याच्या ताकदीत पडलेला हाच फरक होता. या कामात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याचे नाव झाले. पण कालव्याच्या शेजारची ती साधी मातीची वाट नसती, तर त्या पाण्याचा व्यापाराला फारसा उपयोग झाला नसता.

आता मालकी. ओढवाटेला तीन गोष्टी लागतात. ती अखंड असावी लागते, ती पाण्याला चिकटून असावी लागते, आणि वाट व पाणी यांच्यामध्ये झाड, कुंपण, भिंत असे दोर अडवणारे काहीही असून चालत नाही. नदीवर या तिन्ही गोष्टी एकाच अडचणीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे पाणी सगळ्यांचे असले तरी काठ कोणाच्या तरी शेताचा असतो. रोमन कायद्याने यातून वाट काढली होती. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या कायदेसंहितेत काठाची मालकी लगतच्या जमीनमालकाकडे ठेवली आहे, पण काठाचा वापर मात्र नदीइतकाच सार्वजनिक मानला आहे. कोणीही तिथे नाव लावावी, काठावरच्या झाडाला दोर बांधावा, माल उतरवावा. झाड मालकाचे आणि दोर बांधण्याचा हक्क सर्वांचा, अशी ती मांडणी होती.

फ्रान्सने हे तत्त्व थेट मापात बसवले. चौदाव्या लुईच्या काळात, १६६९ च्या वने व जलविषयक आदेशाने, नौकानयनाच्या नद्यांवर ज्या बाजूने नावा ओढल्या जात त्या बाजूला चोवीस फूट आणि समोरच्या काठावर दहा फूट जागा मोकळी ठेवण्याचे बंधन जमीनमालकांवर घातले. जमीन त्यांचीच राहिली, पण त्या पट्ट्यात त्यांना झाड लावता येईना की कुंपण घालता येईना. इंग्लंड मात्र उलट दिशेला गेले. १७८९ च्या बॉल विरुद्ध हर्बर्ट या खटल्यात किंग्ज बेंच न्यायालयाने असा निर्णय दिला की, नौकानयनाच्या नदीच्या काठाने नाव ओढत नेण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंडच्या सामान्य कायद्यात, म्हणजे रूढी आणि न्यायनिर्णयांतून घडलेल्या कायद्यात, नाही. एखाद्या ठिकाणी जुन्या रूढीने किंवा संसदेच्या कायद्याने तो मिळालेला असू शकतो, पण नदी सार्वजनिक आहे एवढ्यावरून काठ सार्वजनिक होत नाही.

इंग्लंडमधील कालव्यांच्या कंपन्यांना हा प्रश्न पडला नाही, कारण संसदेच्या कायद्याने त्यांना जमीन संपादनाचा अधिकार मिळत असे आणि त्या कालव्याबरोबर शेजारच्या वाटेचीही जमीन घेत. त्यामुळे इंग्लंडमध्ये कालव्याची ओढवाट पहिल्या दिवसापासून सलग आहे, आणि नदीची ओढवाट मात्र तुकड्यातुकड्यांनी, भांडत आणि पैसे मोजत तयार झाली. ओढवाटेच्या इतिहासात अभियंत्यांपेक्षा वहिवाटीच्या हक्काचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. जाणकारांनी भर घालावी.

सुकाणू

विषय उत्तम आहे. मालकीच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी दोराबद्दल थोडे लिहितो, कारण वाटेचा आकार दोराने ठरवला आहे.

दोर नावेच्या टोकाला बांधला तर प्रत्येक ओढीबरोबर नावेचे तोंड काठाकडे वळते आणि सुकाणू सतत उलट धरावे लागते. म्हणून दोर नावेच्या पुढच्या भागातल्या, पण टोकापासून बऱ्याच मागे असलेल्या आखूड डोलकाठीला बांधत. दोर जितका लांब तितकी काठाकडची ओढ कमी, पण फार लांब झाला तर वळणावर तो आतल्या काठावरच्या झुडपांत आणि दगडांत अडकतो. नेदरलँड्समध्ये यासाठी वळणांवर उभे फिरते खांब रोवलेले असत. दोर त्या खांबावरून सरकत जाई आणि नाव काठावर न चढता वळण घेई. असे काही खांब तिथे अजून उभे आहेत.

सगळ्यात कठीण क्षण नाव हलवण्याचा असतो. एकदा गती मिळाली की घोडा ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीने तासन्‌तास चालू शकतो, पण उभी नाव हलवताना त्याला साजात पूर्ण अंग झोकून द्यावे लागते. झटका दिला तर दोर तुटतो किंवा घोडा घसरतो, म्हणून अनुभवी घोडा नुसता पुढे झुकून, दोर ताणून, नाव सरकेपर्यंत थांबतो. लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करून नाव वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदातून, बाहेर पडताना काही ठिकाणी कप्पीचा उपयोग करून ही पहिली ओढ हलकी करत असत. या एका कारणासाठी ओढवाटेचा पृष्ठभाग लॉकच्या तोंडाशी फरसबंद असतो आणि त्यात खुरांना आधार म्हणून विटांच्या उभ्या ओळी बसवलेल्या असतात.

वाट एकच आणि नावा दोन्ही दिशांनी येणार, तर दोरांचा गुंता कसा होत नसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कालव्यावरची रीत अशी होती की, ज्या नावेने वाट द्यायची तिचा चालक घोडे थांबवून वाटेच्या बाहेरच्या कडेला घेई, त्यामुळे दोर सैल पडून पाण्यात बुडे. मग समोरचे घोडे वाटेवर पडलेल्या दोरावरून आणि समोरची नाव बुडालेल्या दोरावरून निघून जाई. घोडा थांबला तरी नाव थोडी पुढे सरकत राहते, त्यामुळे थांबण्याचा क्षण अचूक साधावा लागे. नाही तर दोर समोरच्या नावेच्या सुकाणूत अडके.

चौकस

दोन प्रश्न आहेत. कालवा डोंगरातल्या बोगद्यातून जातो तेव्हा घोड्याचे काय करत असत? आणि वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जात असेल तर प्रत्येक वेळी दोर सोडावा लागे का?

दगडमाती

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आजही दगडात आणि लोखंडात पाहायला मिळतात.

सुरुवातीच्या इंग्रजी बोगद्यांत ओढवाट नसे. बोगद्याची रुंदी वाढवणे म्हणजे खर्च दुप्पट करणे, म्हणून नाव जेमतेम मावेल एवढेच भोक पाडत. घोड्याला सोडून डोंगरावरून पलीकडे नेत, आणि नावेवरची माणसे फळीवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतींना पाय लावून, भिंतीवर चालल्यासारखी नाव पुढे ढकलत. हडर्सफील्ड नॅरो कालव्यावरचा स्टँडेज बोगदा १८११ मध्ये खुला झाला. त्याची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक आहे आणि ब्रिटनमधला तो सर्वांत लांब कालवाबोगदा आहे. रिकामी नाव पायांनी ढकलत पलीकडे न्यायला तिथे सुमारे एक तास वीस मिनिटे लागत आणि भरलेली नाव न्यायला तीन तास. हेच काम करणारी पगारी माणसे बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेली असत. अंधार, गळते पाणी आणि सतत ताणलेले पाय, असे ते काम होते.

स्टॅफर्डशरमधल्या हेअरकॅसल टेकडीखाली बोगद्यांच्या दोन पिढ्या, वाट नसलेली आणि वाट असलेली, शेजारीशेजारी आहेत. ब्रिंडलीच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला पहिला बोगदा १७७७ मध्ये पुरा झाला, त्यात वाट नव्हती. कोंडी असह्य झाल्यावर थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने शेजारी दुसरा बोगदा काढला. तो १८२७ मध्ये खुला झाला आणि त्यात ओढवाट होती, त्यामुळे घोडा थेट आतून जाऊ लागला. पुढे खाणींमुळे जमीन खचली, वाट पाण्याखाली गेली आणि विसाव्या शतकात ती काढून टाकावी लागली. बर्मिंगहॅमजवळचा नेदरटन बोगदा तर १८५८ चा, म्हणजे रेल्वे जोरात असतानाचा. त्यात दोन्ही बाजूंना ओढवाटा होत्या आणि गॅसचे दिवेही होते. स्पर्धेत टिकण्यासाठी कालव्याच्या कंपन्या किती खर्च करायला तयार होत्या, हे त्यावरून कळते.

दुसरा प्रश्न. वाट काठ बदलते तिथे सर्वांत सुंदर उपाय मॅक्लसफील्ड कालव्यावर दिसतो. तिथल्या काही पुलांची एक बाजू गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली आहे. घोडा पुलाखालून पुढे जातो, वळणाच्या उतारावरून पुलावर चढतो, पलीकडे उतरतो आणि दोर सोडावा न लागता नाव पुढे ओढू लागतो. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्यावर दुसरी युक्ती आहे. तिथले लहान पूल दोन्ही काठांवरून पुढे आलेल्या लोखंडी बाहूंचे आहेत आणि मध्ये काही सेंटिमीटरांची फट ठेवलेली आहे. दोर त्या फटीतून खाली सोडला की काम झाले. ही युक्ती मला त्या वळणदार पुलांपेक्षाही अधिक हुशारीची वाटते, कारण तिला दगड आणि पैसा दोन्ही कमी लागतात.

पुलांच्या कोपऱ्यांवर बसवलेल्या ओतीव लोखंडाच्या पट्ट्या पाहाव्यात. ओल्या दोराला चिकटलेल्या वाळूने त्या लोखंडात बोट जाईल एवढ्या खोल खाचा पाडल्या आहेत. लंडनमधल्या रीजंट्स कालव्याच्या काठात पाण्यात उतरणारे छोटे उतार आहेत, तेही याच व्यवहारातले आहेत. रेल्वेच्या आवाजाने बिथरून पाण्यात पडलेल्या घोड्याला चालत वर येता यावे म्हणून ते बांधले होते.

परखड

धागा रंजक आहे, पण आतापर्यंत इथे घोडेच घोडे दिसतात. जगातल्या बऱ्याच मोठ्या नद्यांवर नावा माणसांनी ओढल्या आहेत, आणि ती गोष्ट पूल व खाचांच्या कौतुकात बुडू नये.

यांगत्सी नदीच्या तीन घळींमध्ये प्रवाह एवढा वेगवान होता की, मोठी नाव एका खळाळातून वर काढायला कधीकधी शंभराहून अधिक माणसे लागत. दोर बांबूच्या पट्ट्या विणून केलेला असे, कारण तो हलका असतो आणि खडकावर घासला तरी लवकर तुटत नाही. ओढणारे इतके पुढे असत की नावेवरून हाक पोहोचत नसे, म्हणून नावेवर ढोल वाजवून त्यांना इशारे देत. कुथांग घळीत त्यांच्यासाठी कड्यात कोरलेली वाट होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी आणि वर जेमतेम वाकून जाण्याएवढी जागा. पाय घसरला किंवा नाव अचानक प्रवाहात मागे ओढली गेली, तर दोराला बांधलेला माणूस खाली जाई. थ्री गॉर्जेस धरणाचे पाणी २००३ पासून चढू लागले, त्यानंतर ती वाट पाण्याखाली गेली.

व्होल्गा नदीवरही हेच चित्र होते. छातीवर रुंद पट्टा घेऊन टोळीने चालणारी माणसे हंगामभरासाठी करारावर घेतली जात. गंगेवर कोलकात्याहून वर जाणाऱ्या देशी नावाही वारा पडला की खलाशी काठावर उतरून दोराने ओढत, हे एकोणिसाव्या शतकातल्या अनेक प्रवासवर्णनांत येते. या सगळ्यांसाठी कोणी कायदे केले नाहीत की घडीव दगडाचे पूल बांधले नाहीत. वहिवाटीचा हक्क हा ज्यांच्याकडे घोडे आणि भांडवल होते त्यांचा विषय होता.

काठवाट (धागाकर्ता)

परखड, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो माझ्या मांडणीला छेद देत नाही, उलट तिला बळ देतो असे मला वाटते.

सेव्हर्न नदीचे उदाहरण घ्या. ब्रिटनमधल्या सर्वांत गजबजलेल्या नद्यांपैकी ती एक होती आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिच्यावरच्या नावा माणसांच्या टोळ्या ओढत असत. याचे कारण घोडे नव्हते असे नाही. माणूस कुंपणावरून चढून जाऊ शकतो, ओढा चालत पार करू शकतो, झुडपांतून वाट काढू शकतो आणि मालकाने हटकले तर त्याच्याशी हुज्जत घालू शकतो. घोड्याला यातले काहीही जमत नाही. त्याला सलग, सपाट आणि फाटके असलेली वाट लागते, म्हणजे प्रत्येक जमीनमालकाशी आधी करार लागतो. त्यासाठीचा संसदेचा कायदा १७७२ मध्ये झाला, पण मुख्य लांबीवर घोड्यांची वाट पुरी व्हायला एकोणिसावे शतक उजाडले. त्या मधल्या काळात माणसे ओढत राहिली. त्या टोळ्यांनी घोड्यांच्या वाटेला विरोध केला, यातही नवल नाही, कारण त्यांची रोजी जाणार होती. काठाचा हक्क ठरलेला नसला की त्याची किंमत माणसाचा खांदा मोजतो, असे मी म्हणेन.

गंगेची गोष्ट निराळी आहे. तिथे दर पावसाळ्यात काठ सरकतो, जुना काठ कोसळतो आणि नवी वाळू पडते. ज्या काठावर पुढच्या वर्षी पाणी असेल की शेत हेच ठाऊक नाही, तिथे कायमची वाट बांधण्यात कोण पैसे घालील? उत्तर भारतात संथ पाण्याचा आणि बांधीव काठाचा मार्ग मिळाला तो कालव्यांमुळे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याचे मुख्य काम सिंचनाचे असले, तरी तो बांधणारे अभियंता प्रॉबी कॉटली यांनी त्यात नौकानयनासाठी लॉकही ठेवले होते.

कायदे आणि दगडी बांधकाम फक्त घोड्यांसाठी झाले, हे विधान मात्र मला मान्य नाही. चीनमध्येच त्याच्या उलट पुरावा आहे. सूचौजवळचा बाओदाय पूल मुळात तांग राजवटीत, ८१६ ते ८१९ या काळात बांधला गेला. पुढे तो अनेकदा नव्याने उभारला गेला. त्रेपन्न कमानींचा आणि तीनशे मीटरांहून लांब असलेला हा पूल महाकालव्याच्या काठाने नावा ओढणाऱ्या माणसांची वाट खंडित होऊ नये म्हणून होता. त्या ठिकाणी सरोवराचे पाणी कालव्याला मिळते आणि वाट तुटते. म्हणून पूल सखल ठेवला आणि फक्त मधल्या तीन कमानी खालून नावा जाव्यात यासाठी उंच केल्या. पैसा कमी पडला तेव्हा वांग चोंगशू या अधिकाऱ्याने आपला मौल्यवान कमरपट्टा विकला, अशी आख्यायिका आहे. शाओशिंगजवळ तर ओढवाट पाण्यातच दगडी खांबांवर आडव्या शिळा टाकून केली आहे, काही भागांत तिच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे. हा सगळा खटाटोप राज्यसंस्थेने केला, कारण राजधानीकडे जाणारे धान्य त्या दोरांवर अवलंबून होते.

वेळापत्रक

मालाबद्दल बरेच झाले, प्रवाशांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून ही भर.

अ‍ॅमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्यामध्ये खास घोड्याने ओढायच्या प्रवासी नावांसाठी सरळ कालवा खोदून १६३२ मध्ये वाहतूक सुरू झाली. त्यानंतरच्या सुमारे तीन दशकांत नेदरलँड्समध्ये असे सहाशे किलोमीटरांहून अधिक मार्ग झाले. शहरांनी जोड्या जमवून, खर्च वाटून घेऊन कालवा व शेजारची वाट बांधली आणि प्रवाशांकडून मिळणाऱ्या करातून तो खर्च भरून काढला. नावा ठरलेल्या वेळी, घंटा वाजवून सुटत, आणि पाऊस असो वा वारा पडलेला असो, ताशी सुमारे सात किलोमीटर या वेगाने जात. वेग आज हास्यास्पद वाटेल, पण सतराव्या शतकात पोहोचण्याची वेळ आधी सांगता येणे हीच मोठी गोष्ट होती. हाफवेख या गावाशी धरण होते आणि ते फोडायचे नव्हते, म्हणून प्रवासी तिथे उतरून पलीकडच्या दुसऱ्या नावेत बसत. १८३९ मध्ये नेदरलँड्सची पहिली रेल्वे याच दोन शहरांमध्ये, जवळजवळ याच कालव्याच्या कडेने धावू लागली.

थोडे अवांतर. १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर जॉन स्कॉट रसेल हा अभियंता दोन घोड्यांनी वेगाने ओढली जाणारी नाव पाहत होता. नाव एकाएकी थांबली, पण तिच्यापुढे जमलेले पाणी थांबले नाही. ते एका गोलसर उंचवट्याच्या रूपात, आकार न बदलता पुढे निघाले. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. तीसेक फूट लांबीची आणि फूट-दीड फूट उंचीची ती लाट ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने जात होती, आणि मैल-दोन मैलांनंतर कालव्याच्या वळणांत ती त्याच्या नजरेआड झाली. एकल लाटांच्या अभ्यासाचा आरंभ इथे मानतात. काठाने घोडा पळवता येईल अशी वाट नसती तर तो पाठलाग झालाच नसता, एवढा संबंध धाग्याशी जोडून थांबतो.

सुकाणू

वेळापत्रक, अवांतर असले तरी छान माहिती.

घोड्यांनंतर काय झाले तेही नोंदवून ठेवतो. इंजिन नावेत बसवण्याआधी अनेकांनी ते काठावर बसवून पाहिले. १९०६ मध्ये खुल्या झालेल्या, बर्लिनच्या दक्षिणेकडच्या टेल्टो कालव्यावर ओढवाटेच्या जागी रूळ टाकून विजेची छोटी इंजिने नावा ओढत. पनामा कालव्याच्या लॉकमध्ये भिंतींवरच्या रुळांवरून चालणारी विजेची इंजिने १९१४ पासून आहेत आणि त्यांना आजही खेचरे असेच म्हणतात. मात्र तिथले जहाज स्वतःच्या इंजिनाने पुढे जाते. या खेचरांचे काम ते भिंतींना न घासता मधोमध ठेवण्याचे असते.

अटलांटिकपार

अमेरिकेची बाजू थोडक्यात मांडतो. ईरी कालवा १८२५ मध्ये पुरा झाला. ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैल, आणि मूळची खोली फक्त चार फूट. त्यावर घोडे आणि खेचरे हाकण्याचे काम बहुतांशी पोरे करत. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफील्ड यांनी १८४८ मध्ये, सोळाव्या वर्षी, ओहायोतल्या कालव्यावर हेच काम काही आठवडे केले होते. वारंवार पाण्यात पडून आणि आजारी होऊन ते घरी परतले.

चेसापीक अँड ओहायो कालव्याचे उदाहरण मला सर्वांत बोधक वाटते. जॉर्जटाउन ते कंबरलँड असा तो १८४.५ मैलांचा कालवा १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. पुढे त्या जागेवर मोटाररस्ता करण्याची योजना आली आणि एका मोठ्या दैनिकाने १९५४ च्या आरंभी तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या संपादकांना आपल्याबरोबर संपूर्ण ओढवाट पायी चालण्याचे आव्हान दिले. मार्चमध्ये ते आणि त्यांच्यासोबतचे बरेच जण निघाले, शेवटपर्यंत मोजकेच चालले, पण मोटाररस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये तो सारा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. तिथे कालव्याचा बराचसा भाग आज कोरडा आहे, वाट मात्र सलग आहे. धागाकर्त्याच्या मुद्द्याशी हे जुळते, कारण कालव्याची जमीन एकाच मालकाची होती. सरकारने १९३८ मध्ये ती एकगठ्ठा विकत घेतली होती. ती शेकडो शेतकऱ्यांमध्ये वाटलेली असती तर चालायला काही उरले नसते.

चौकस

मग आज ब्रिटनमध्ये ही वाट कायद्याने सार्वजनिक आहे का? आणि फ्रान्समधल्या त्या चोवीस फुटांचे पुढे काय झाले?

काठवाट (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये सरसकट नाही. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि इंग्लंड व वेल्समधल्या कालव्यांची जबाबदारी २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे. तिच्या ताब्यात सुमारे दोन हजार मैल जलमार्ग आहेत. काही ओढवाटा नोंदलेले सार्वजनिक मार्ग आहेत, पण बऱ्याच वाटांवर लोक मालकाच्या परवानगीने चालतात, हक्काने नव्हे. व्यवहारात फरक जाणवत नाही, पण वाट दुरुस्तीसाठी काही महिने बंद करायची असेल किंवा सायकलींवर बंधन घालायचे असेल, तेव्हा तो जाणवतो. अडीच-तीन मीटर रुंदीच्या वाटेवर पादचारी, सायकली, मासेमारी करणारे आणि काठाला बांधलेल्या नावांची माणसे यांची रोज होणारी कुरबुर या अर्धवट स्थितीतूनच येते. एकाच मालकाच्या हाती सलग पट्टा असण्याचा फायदा इतरांनीही घेतला आहे. १९७९ मध्ये लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या वाटेखाली ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या टाकल्या गेल्या, आणि त्या थंड ठेवण्यासाठी कालव्याचेच पाणी खेळवले गेले. शहराच्या मध्यातून रस्ते न खणता जाणारा असा दुसरा पट्टा मिळणे अवघड होते.

थेम्स नदीवर मात्र जुने तुकडे अजून दिसतात. तिथे ओढवाट जमीनमालकांच्या मर्जीनुसार काठ बदलत असे आणि घोड्यांना पलीकडे नेण्यासाठी होड्या ठेवलेल्या असत. त्या होड्या बंद पडल्यावर वाट मध्येच तुटली. १९९६ मध्ये थेम्स काठचा राष्ट्रीय पायी मार्ग खुला झाला, तेव्हा अशा काही ठिकाणी त्याला नदी सोडून आतून वळसा घ्यावा लागला.

फ्रान्समध्ये चोवीस आणि दहा फुटांचे ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर झाले आणि ती मापे आजच्या कायद्यात कायम आहेत. नावा ओढणे संपले, पण बंधन संपले नाही. अरुंद पट्टा पूर्वी प्रामुख्याने नौकानयनाशी संबंधित लोक आणि मासेमारी करणारे यांच्यासाठी होता, २००६ च्या जलकायद्याने तो सर्व पादचाऱ्यांना खुला केला. परिस्थिती अगदीच अडचणीची असेल तर प्रशासन त्याची रुंदी कमी करू शकते, पण दीड मीटरच्या खाली नाही. सरोवराकाठी महागडी घरे असलेल्या काही मालकांनी कुंपणे पाण्यापर्यंत नेली आहेत आणि त्यावरून खटले चालतात. सायकलस्वारांना मात्र या अरुंद पट्ट्यावर हक्क नाही. मूळ बंधन पायी चालणाऱ्यांच्या वापरापुरतेच वाढवले गेले आहे, आणि त्याहून जास्त वापर हवा असेल तर जमीनमालकाशी वेगळा करार करावा लागतो.